बागेतले दिवे : सोलर कुठे, वायरचे कुठे

दिवाळीच्या आठ दिवस आधी नाशिकमध्ये कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, काउंटरवर सोलरच्या खुंटी-दिव्यांचा ढीग असतो. लोक सहा-आठ नग उचलतात, घरी नेऊन वाफ्याच्या कडेने रोवतात. पहिल्या रात्री सगळं घर बाहेर येऊन बघतं. जानेवारी येईपर्यंत त्यातले निम्मे दिवे रात्री नऊलाच मिणमिणायला लागतात, आणि श्रावणात तर अख्खी रांग काळोखात उभी असते. मग निष्कर्ष निघतो : सोलर बेकार. दुसरीकडे पूर्ण बागेत वायर फिरवणारेही असतात. त्यांचा मेन स्विच पावसाळ्यात रोज रात्री पडतो आणि ते म्हणतात, यापेक्षा सोलर बरे होते.

माझ्या मते दोघांचीही चूक एकच. दोघांनी अख्ख्या बागेसाठी एकच उत्तर शोधलं. निर्णय बागेचा नसतो, बागेतल्या एकेका जागेचा असतो. पायरी, फाटक, वाफा, तुळशीवृंदावन, मागची भिंत, प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळू शकतं. ते कसं काढायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिलं काम : रात्री बागेतून चाला

खरेदीच्या आधी, कागद-पेन आणि साधी टॉर्च घेऊन रात्री आठच्या पुढे बागेतून फिरा. घरातले बाहेरचे सगळे दिवे बंद ठेवा. चालताना जिथे पाय आपोआप थबकतो तिथे खूण करा. फरशीची उंची बदलते ती जागा, फाटकाचा कोयंडा, नळाचा चौथरा, पार्किंगचा उतार. या झाल्या ‘हवाच’ जागा. जिथे उजेड नसला तरी काही बिघडत नाही पण असला तर छान वाटेल, त्या ‘आवडीच्या’ जागा : जास्वंदीची ओळ, मोगऱ्याचा वेल, झोपाळ्याच्या मागचा कोपरा.

या दोन याद्या वेगळ्या ठेवणं हा सगळ्या निर्णयाचा पाया आहे. ‘हवाच’ यादीतला दिवा वर्षाच्या ३६५ रात्री लागला पाहिजे, आणि सर्वात जास्त गरज नेमकी पावसाळ्यात असते. फरशीवर शेवाळ धरतं, म्हसरूळ, मखमलाबाद, गंगापूर रोडच्या शेताकडच्या बाजूला साप बाहेर निघतात, घोणसही असते. पाय कुठे पडतोय ते दिसलंच पाहिजे. घरात म्हातारी माणसं असतील तर या यादीत तडजोड करू नका.

दुसरं काम : सावली मोजा

सोलरचा खरा निकाल इथे लागतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत बागेकडे पाहिलं तर वाटतं, ऊन कुठे नाही! पण डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य भरदुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो. याचा हिशेब असा : २२ फूट उंचीच्या दुमजली बंगल्याची सावली तेव्हा ऐन दुपारी उत्तरेकडे जवळजवळ २१ फूट पडते. पाच फुटी कंपाउंडची सावलीही पावणेपाच फूट. सकाळ-संध्याकाळ ती याहून कितीतरी लांब.

आता आपल्या वसाहती आठवून बघा. वास्तूच्या हिशेबाने उत्तरेला दार आणि पुढे बाग, अशी घरं किती आहेत! त्यांची पुढची बाग नोव्हेंबर ते जानेवारी घराच्याच सावलीत असते. रात्र मात्र तेव्हाच सर्वात मोठी, जवळपास तेरा तासांची. चार्जिंग कमी आणि जळायचं जास्त वेळ. उत्तरेच्या बागेतले सोलर दिवे थंडीत लवकर विझतात ते यामुळे. दिवा सदोष असेलच असं नाही.

मोजायचं कसं? एखाद्या उघड्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि दुपारी साडेतीन असे तीन फोटो गच्चीवरून काढा. तिन्ही फोटोंत जी जागा उन्हात आहे ती सोलरसाठी पात्र. उन्हाळ्यात फोटो काढत असाल तर घराच्या उत्तरेकडची, घराच्या उंचीइतकी पट्टी यादीतून काढूनच टाका. आंबा, कडुलिंब, बदाम यांच्याखालची जागाही बाद. झिरझिरीत सावलीत ऊन ‘थोडं’ मिळतं असं वाटतं, पण पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर पान आडवं पडलं तरी त्या ओळीचा सगळा प्रवाह अडतो.

पावसाळ्याचं गणित शहराच्या दिशेप्रमाणे बदलतं. त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूला जून ते सप्टेंबर दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. सिन्नर, येवल्याकडे पाऊस कमी, मधून मधून उघडीप मिळते. नाशिक शहर या दोघांच्या मध्ये. त्यामुळे सिन्नरच्या फार्महाउसवर चांगला चाललेला दिवा बघून त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी तोच लावू नका.

विजेचं बिल हे कारण धरू नका

सोलर घेणारे दहापैकी नऊ जण म्हणतात, बिल वाचेल. किती, ते करून बघू.

समजा ५ वॉटचे ६ एलईडी दिवे. एकूण ३० वॉट, ड्रायव्हरमधली (घरची वीज एलईडीजोगी करून देणारी डबी) घट धरून ३५. संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा, पाच तास. रोजचे १७५ वॉट-तास, महिन्याचे सव्वापाच युनिट. सगळे आकार धरून १० रुपये युनिट मानलं तर महिन्याला ५२-५३ रुपये. वर्षाचे सहाशे-साडेसहाशे.

एवढ्याच रकमेची बचत. समोर सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या दर एक-दोन वर्षांनी बदलायचा खर्च ठेवला तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. वायरच्या दिव्याचा मोठा खर्च असतो तो खोदाईचा आणि केबलचा, आणि तो एकदाच. म्हणून मी असं धरतो : खोदाई टाळता येत असेल तर सोलरला खरा फायदा आहे, बिलामुळे नाही.

घरावर सोलर रूफटॉप बसलेलं असेल तर (पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून पुष्कळ गच्च्यांवर पॅनल दिसतात) बागेत वायरचे दिवे लावले तरी ते एका अर्थाने सोलरवरच चालतात. नेट मीटरिंगमध्ये दिवसा दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात. अशा घरात सोलरचे सुटे दिवे घेण्यामागे बिलाचं कारण तर अजिबातच उरत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की बॅटरी नसलेलं साधं रूफटॉप लाइट गेल्यावर बंद पडतं. लाइट गेल्यावरही बाग उजळलेली हवी असेल तर बागेची लाइन घरच्या इन्व्हर्टरवर घ्या. ३५ वॉटचा भार म्हणजे अर्धा पंखा.

सोलर घेताना : आतला हिशेब

बॉक्सवर ‘२०० वॉट’ लिहिलेला तळहाताएवढा दिवा पाहिला की मला खरंच वाईट वाटतं, कारण घेणारा विश्वासाने घेतो. पॅनलचं माप कधी खोटं बोलत नाही. १० सेंमी बाय १० सेंमीचं पॅनल कडक उन्हात फार तर दीड-पावणेदोन वॉट देतं. त्यावर २०० वॉटचा दिवा चालणं शक्य नाही.

स्वस्त खुंटी-दिव्याच्या डोक्यावर साधारण ४ बाय ४ सेंमीचा तुकडा असतो. तो देणार पाव वॉट. दिवसभराचं चांगलं ऊन पाच तासांचं धरा, म्हणजे सव्वा वॉट-तास. त्यातलं घट वजा जाऊन हातात येतं साधारण पाऊण वॉट-तास. आत पेन्सिल सेलच्या आकाराची १.२ व्होल्ट, ६०० एमएएचची बॅटरी असते, तिच्यातही तेवढंच मावतं. हे आठ तास पुरवायचं तर एलईडीला ०.०९ वॉट मिळणार. उजेड किती? जेमतेम ९ लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप). एक मेणबत्ती साधारण १२ लुमेन देते. म्हणजे हा दिवा मेणबत्तीपेक्षाही थोडा मंद, आणि हा त्याचा दोष नाही, तेवढीच त्याची ताकद. मोगऱ्याच्या कडेला तो सुंदर दिसतो. त्याने पायरी दिसेल ही अपेक्षा ठेवू नका.

मग चांगला सोलर दिवा कसा निवडायचा?

बॅटरीचा प्रकार विचारा. छोट्या दिव्यात निकेल मेटल हायड्राइड असते, वर्ष-दोन वर्षं टिकते आणि झाकण उघडून सहज बदलता येते. मात्र बदलताना रिचार्जेबलच टाका, घड्याळातला साधा सेल टाकलात तर तो गळून संपर्कपट्ट्या खाऊन टाकेल. मोठ्या दिव्यात लिथियम फेरो फॉस्फेट म्हणजे एलएफपी असेल तर उत्तम, ती उष्णता जास्त सोसते. आपल्याकडे बॅटरी मारतं ते ऊनच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा काळ्या बंद डबीत आतलं तापमान त्याहून बरंच वर जातं. निफाडच्या थंडीची भीती बाळगायचं कारण नाही, चार्जिंग दिवसा उन्हात होतं.

पॅनलवर काच आहे की राळेचा थर, ते नखाने वाजवून बघा. राळेचा थर दोन उन्हाळ्यांत पिवळट, धुरकट होतो आणि चार्जिंग घटतं. मार्च-एप्रिलच्या गारपिटीतही टफन्ड काचच तग धरते.

आणि माझ्या मते सर्वात उपयोगी जात : पॅनल वेगळं, दिवा वेगळा. मधे काही मीटर वायर. पॅनल गच्चीच्या कठड्यावर दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांच्या कलाने बसवा आणि दिवा खाली सावलीत, हव्या त्या जागी. उत्तरेच्या बागेची अडचण याने पुष्कळ सुटते. मागच्या भिंतीला, जिथे वायर नेणं अवघड आहे, तिथे असा सेन्सरचा दिवा लावा. माणूस किंवा जनावर हललं की पूर्ण उजेड, एरवी मंद. बॅटरी त्यामुळे पावसाळ्यातही बरीच पुरते.

एकदम आठ नग घेऊ नका. दोन घ्या, दिवसभर चार्ज करा, संध्याकाळी लागल्याची आणि विझल्याची वेळ लिहा. मग एका दिवसासाठी पॅनलवर जुन्या पांढऱ्या पंच्याची घडी टाका आणि त्या रात्रीचं पुन्हा लिहा. ढगाळ दिवसाचा अंदाज घरबसल्या मिळतो.

गच्चीवरची बाग असेल तर मी डोळे मिटून सोलरच सांगेन. ऊन भरपूर, खोदाई नाही, आणि वायरच्या क्लिपांसाठी स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग बिघडवायची वेळ येत नाही. भाड्याच्या घरातही सोलरच. जाताना सोबत नेता येतात.

वायरचे दिवे : २३० नको, कमी व्होल्टची लाइन टाका

‘वायरिंग’ म्हटलं की आपल्याकडे थेट २३० व्होल्ट बागेत नेतात. ज्या जमिनीत आपण रोज पाणी सोडतो, खुरपं चालवतो, मुलं अनवाणी खेळतात, तिथे ते मला पटत नाही. घराच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला ड्रायव्हर बसवा आणि तिथून पुढे १२ किंवा २४ व्होल्टची लाइन न्या. खुरप्याने वायर कापली तरी जिवाला धोका नाही.

१२ की २४? इथे घोटाळा होतो. ३० वॉटचा भार १२ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो. दीडच्या (म्हणजे १.५ चौरस मिमी जाडीच्या) तांब्याच्या वायरने ३० मीटर लांब गेलात, तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध साधारण ०.८ ओहम. सगळा भार टोकाला धरला तर दोन व्होल्ट वाटेतच गळतात, शेवटच्या दिव्याला दहाच पोचतात आणि तो पिवळा, मलूल दिसतो. अडीचची वायर घेतली तर गळती सव्वा व्होल्टवर येते. तीच दीडची वायर, पण २४ व्होल्ट घेतलं, तर प्रवाह निम्मा, गळती एक व्होल्ट, म्हणजे फक्त चार टक्के. म्हणून दिवे पंधरा मीटरच्या आत असतील तर १२ चालेल, त्यापुढे २४ घ्या. दिवेही त्याच व्होल्टचे असले पाहिजेत, हे दुकानात दोनदा तपासा. ड्रायव्हर भारापेक्षा जास्त क्षमतेचा ठेवा. ३० वॉटसाठी ६० चा घेतलात तर पुढे दोन दिवे वाढवता येतात आणि तो तापतही नाही.

ड्रायव्हरच्या मागची २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या : स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. फाटकाच्या खांबावर किंवा बोअरच्या मोटरीपाशी २३० न्यावंच लागलं तर आर्मर्ड म्हणजे पोलादी कवचाची केबल, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटांचा थर.

दिव्याच्या अंगावर आयपी क्रमांक बघा, तो धूळ-पाणी किती अडवलं जातं ते सांगतो. वळचणीखाली ४४ चालतो, उघड्यावर ६५, आणि जमिनीत बसवायचा, वर पाणी साचू शकेल असा दिवा असेल तर ६७. पण पाणी बहुतेक वेळा दिव्यातून शिरत नाही. ते जॉइंटमधून शिरतं.

हे मी स्वतःच्या बागेत शिकलो. दुसऱ्या पावसाळ्यात आमचा आरसीसीबी सर आली की पडायचा, सकाळी ऊन आलं की टिकायचा. तेव्हा फाटकाच्या दिव्याला २३० ची लाइन होती. तीन दिवस एकेक दिवा काढून बघितला, सगळे कोरडे. शेवटी जास्वंदीच्या आळ्याशी उकरलं तर एक जॉइंट निघाला, नुसती काळी टेप गुंडाळलेला, थेट मातीत. टेप उलगडली तशी आतून पाण्याचे थेंब ओघळले. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या, दोन तर बोट लावताच तुटल्या. त्या आळ्यात आई रोज सकाळी उभी राहून पाणी घालायची. आरसीसीबी नसता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सतावतो. तेव्हापासून मातीत एकही जॉइंट नाही. सगळे जॉइंट जमिनीच्या वीतभर वर, ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच) लावलेल्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्समध्ये शिरण्यापूर्वी वायरला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळाशी ठिबकून पडतं, आत जात नाही.

आपली काळी माती हे या बिघाडामागचं आणखी एक कारण. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि या हालचालीत ताणून टाकलेली वायर जॉइंटपाशी खेचली जाते. म्हणून पाइपमध्ये वायर थोडी सैल सोडा, प्रत्येक दिव्यापाशी हातभर गुंडाळी ठेवा. खुंटीचे दिवेही काळ्या मातीत वर्षभरात कलतात. खाली विटेचा तुकडा किंवा मुठभर काँक्रीट घाला.

खोदाई एप्रिलमध्ये करू नका, माती दगड झालेली असते आणि खाली मुरूम लागला तर पहारीशिवाय काम होत नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला माती मऊ पण चिकट नसते. कमी व्होल्टच्या लाइनसाठी फूटभर खोल चर पुरतो, त्यात जाड पाइप. चर शक्यतो कंपाउंडच्या कडेने न्या; आडव्यातिडव्या वायरवर पुढे कुणाची तरी कुदळ पडतेच. आधी पाण्याची लाइन, ड्रेनेजचा चेंबर आणि पाइप गॅस असेल तर तो कुठून जातो हे खुणावून घ्या. पाथवे नव्याने घालणार असाल तर फरशीखालून एक रिकामा पाइप टाकूनच ठेवा. त्याचा खर्च काहीच नसतो, आणि नंतर फरशी फोडावी लागत नाही.

रंग आणि वेळ

दोन्ही प्रकारांत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड घ्या. ६५०० चा पांढराफटक दिवा किडे जास्त ओढतो. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं निघतात त्या संध्याकाळी फरक लगेच दिसतो. पायरीचा दिवा डोळ्यांच्या उंचीवर नको, गुडघ्याच्या खाली आणि तोंड जमिनीकडे. वायरच्या लाइनला टायमर लावून रात्री अकरानंतर फक्त पायरी आणि फाटक चालू ठेवा. झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांनाही अंधार लागतो.

आमच्या बागेत आता असं आहे

पायऱ्या, फाटक, नळाचा चौथरा : २४ व्होल्टची वायर, इन्व्हर्टरवर. दक्षिणेकडचा मोगरा आणि तुळशीवृंदावनाभोवती सोलरच्या सहा खुंट्या. मागच्या भिंतीला सेन्सरचा सोलर, पॅनल कठड्यावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात खुंट्या पूर्ण चार्ज करून, स्विच बंद करून आत ठेवतो आणि नवरात्रात परत रोवतो. पॅनल आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसतो. रस्त्याकडेच्या घरांत धुळीचा थर चार दिवसांत बसतो.

चर बुजवायच्या आधी त्यात मोजपट्टी ठेवून फोटो काढा. भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल, कुठे वळण, हे कागदावर लिहून एमसीबीच्या डबीच्या दाराला आतून चिकटवा. माळी बदलला की नव्या माळ्याला पहिल्या दिवशी आधी तो कागद दाखवा, मग कुदळ हातात द्या.